रेझोनन्स पाठ करू नका, हिशेब मांडा

अकरावीच्या रसायनशास्त्रात रेझोनन्सची ओळख होते ती बेंझीनच्या दोन षटकोनांतून आणि त्यांच्यामधल्या दुतोंडी बाणातून. हे चित्र पाठ केले की रेणू या दोन रूपांत सतत ये-जा करतो, असा समज सहज होतो. १८७२ मध्ये केकुलेने जवळपास हेच सुचवले होते. मोजमापे मात्र वेगळे सांगतात. कार्बन-कार्बन एकेरी बंध सुमारे १५४ पिकोमीटरचा, दुहेरी १३४चा. बेंझीनमधले सहाही बंध १३९चे. रेणू एकच आहे, फक्त तो रेघांच्या एका चित्रात मावत नाही. म्हणूनच या धड्यात चित्रांच्या घोकंपट्टीपेक्षा इलेक्ट्रॉनच्या हिशेबाला महत्त्व द्यायला हवे.

अ‍ॅसिटेट आयन घ्या. ऋणभारित ऑक्सिजनवरची इलेक्ट्रॉनजोडी कार्बनकडे वळवणारा बाण काढला आणि तिथेच थांबले, तर कार्बनला पाच बंध होतात, जे शक्य नाही. त्यामुळे दुहेरी बंधातली एक जोडी दुसऱ्या ऑक्सिजनवर ढकलावीच लागते. अणू जागचे हलत नाहीत, एकूण भार उणे एकच राहतो. दोन बाणांच्या या शिस्तीतून कळते की ऋणभार दोन्ही ऑक्सिजनांत सारखा वाटला गेला आहे. अ‍ॅसिटिक आम्ल एथेनॉलपेक्षा सुमारे शंभर अब्ज पट तीव्र असण्यामागे ही वाटणी हे एक मोठे कारण आहे.

प्रवेश परीक्षेत प्रश्नामागे मिनिट-दोन मिनिटे मिळतात, तिथे पाठांतरच कामी येते, असे म्हटले जाईल. पण पाठांतर ओळखीच्या रेणूपुरतेच चालते. अनोळखी रेणू समोर आला की बाण काढता येणाराच तरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रेणवीय कक्षकांचा सिद्धांत जास्त अचूक असताना ही जुनी पद्धत कशाला? अचूकता मान्य, पण कागद-पेन्सिलीने रेझोनन्स जे सांगतो तेही थोडे नाही. फिनॉलमधल्या ऑक्सिजनची जोडी वलयात फिरवून पाहिली की ऋणभार दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या कार्बनवर येतो. ब्रोमीनचे पाणी घातल्यावर ब्रोमीन नेमका तिथेच जोडला जातो आणि पांढरा साका खाली बसतो. कागदावरचे भाकीत परीक्षानळीत खरे ठरते. तेव्हा प्रश्नपत्रिकेत ‘रचना काढा’ एवढ्यावर न थांबता ‘कोणती रचना अधिक महत्त्वाची आणि का’ हेही विचारावे, आणि बाणांना स्वतंत्र गुण द्यावेत. ज्याला गुण असतात तेच वर्गात शिकवले जाते, त्यामुळे बदलाची सुरुवात प्रश्नपत्रिकेपासूनच व्हायला हवी.