नदीकाठ बांधताना वनौषधींचे स्मरण असावे

कर्जतची उल्हास आणि खालापूरची पाताळगंगा यांचे काठ हे आपल्या परिसरातील औषधींचे भांडार होय. पाण्यालगत नागरमोथा व माका, त्यावर निर्गुंडी, वरच्या अंगास करंज व अर्जुन, असा क्रम उतरत्या काठावरच टिकतो. उभ्या काँक्रीट भिंतीने नदीचे पाणी व काठाची माती यांचा संबंध तुटतो. पुराच्या गाळाबरोबर आलेल्या बीजास रुजावयास जागा उरत नाही.

२६ जुलै २००५ चा महापूर आणि २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस आठवली की काठाच्या संरक्षणाची मागणी रास्तच वाटते. पुढे कल्याणकडील उल्हास व वसई खाडी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ मध्ये आली आहे. नौकांच्या लाटांनीही काठ ढासळतात. तथापि वस्ती वा पूल नसेल तेथे सौम्य उतार, जाळीत बांधलेले दगड व त्यांच्या फटींत निर्गुंडी-करंजाची लागवड हा मार्ग आहे. मुळे माती धरून ठेवतात.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात, भगवान आत्रेय गंगातीरी अग्निवेशास भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करण्यास सांगतात. आज संग्रहाबरोबर नोंदही हवी. वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या गावच्या काठावरील वनस्पतींची यादी करून, काम मंजूर होण्यापूर्वीच ती ग्रामपंचायत व पाटबंधारे खात्याकडे लेखी द्यावी. भिंत उभी राहिल्यानंतरच्या निवेदनाने तोडलेला अर्जुन परत येत नाही.