व्होल्गाकाठचं दुसरं शहर

स्टॅलिनग्राड आपण फौजी मंडळी कोळून प्यायलेलो असतो. त्याच व्होल्गेच्या वरच्या अंगाला, मॉस्कोच्या पश्चिमेला वसलेल्या रझेवचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. जानेवारी १९४२ ते मार्च १९४३ या काळात तिथल्या जर्मन मोर्चावर सोव्हिएत फौजांनी पुन्हा पुन्हा चढाई केली.

खरा वाद आहे २५ नोव्हेंबर १९४२ ला सुरू झालेल्या ‘ऑपरेशन मार्स’चा. जर्मन कुमक स्टॅलिनग्राडकडे जाऊ नये म्हणून ही मोहीम होती, असं मार्शल झुकोव्ह यांनी आठवणींत मांडलं. अमेरिकी इतिहासकार डेव्हिड ग्लांट्झ यांनी १९९९ मध्ये तिला झुकोव्हचा सर्वांत मोठा पराभव ठरवलं. १९९३ मधल्या रशियन आकडेवारीनुसारही हानी सुमारे २,१५,००० ची. त्यातले ७०,००० जण मेले, बेपत्ता झाले किंवा कैद झाले.

माझं मत विचाराल, तर शत्रूला जागीच गुंतवण्यासाठी हल्ला करणं गैर नाही. पण मोहिमेचं उद्दिष्ट लढाईआधीच्या आणि लढाईदरम्यानच्या आदेशांत शोधावं, सेनापतीच्या निवृत्तीनंतरच्या लेखणीत नव्हे. ८ डिसेंबरचा आदेश तर १ जानेवारीपर्यंत तिथल्या जर्मन फौजेचा निःपात करा, असं सांगतो. जर्मन तुकड्या तिथे अडकल्या हेही खरं, आणि मोहीम फसली हेही खरं.

रझेवला ‘लष्करी गौरवाचं शहर’ हा किताब २००७ मध्ये मिळाला, भव्य स्मारक २०२० मध्ये. तिथे पडलेल्या जवानाचं शौर्य पराभव मान्य केल्याने तसूभरही कमी होत नाही. फसलेल्या मोहिमेचा खरा हिशेब मात्र पुढच्या जवानांचे जीव वाचवतो.