उजव्या कप्प्याची कसोटी

हुडकेश्वर येथील आमच्या ओसरीवर परवां एक स्नेही कष्टी होऊन बसले होते. त्यांच्या धाकट्या बंधूंस हृदयरोपण सुचविलें आहे. परंतु फुफ्फुसांतील रक्ताचा दाब औषधांनीं उतरल्यावांचून नांव यादींत घालतां येणार नाहीं, असें डॉक्टरांनीं बजाविलें. "मास्तर, दुखणें हृदयाचें, तेंही बदलावयाचें, मग फुफ्फुसांची ही चौकशी कशास?" असा त्यांचा प्रश्न. तो इतर घरांतही उद्भवण्याजोगा असल्यामुळें त्याचें उत्तर येथें देत आहों.

हृदयाचे खालचे कप्पे दोन. डावा जाड भिंतीचा. सर्व शरीरास रक्त पुरवितांना त्याचा दाब पाऱ्याच्या सुमारें १२० मिलिमीटरपर्यंत चढतो. उजवा पातळ भिंतीचा. शेजारच्या फुफ्फुसांपर्यंतच रक्त धाडावयाचें असल्यानें त्यास सुमारें २५ मिलिमीटर पुरतात. डावी बाजू वर्षानुवर्षें थकत गेली म्हणजे रक्त फुफ्फुसांत तुंबतें आणि कालांतरानें तेथील वाहिन्याही ताठर व अरुंद होतात. रोग्याचा स्वतःचा उजवा कप्पा या ओझ्यास हळूहळू सरावलेला असतो. दात्याच्या निरोगी हृदयास तो सराव कोठून असणार? शिवाय तें कांहीं तास रक्तावांचून राहिलेलें. कधीं न जुंपलेला गोऱ्हा भर पावसाळ्यांत आपल्या काळ्या मातींतून भरली गाडी ओढूं लागला, तर तो धष्टपुष्ट असूनही गुडघे टेकतो, तशांतली ही गत.

हा धडा आपल्या महाराष्ट्रांतच फार मोलानें मिळाला आहे. डॉ. बर्नार्ड यांनीं केप टाउन येथें ३ डिसेंबर १९६७ रोजीं पहिलें मानवी हृदयरोपण केलें. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, फेब्रुवारी १९६८ मध्यें, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं भारतांतील पहिलें केलें. रोगी अवघ्या ३ तासांत गेला; त्याच वर्षीं सप्टेंबरांत दुसरा १४ तासांनीं. दोन्ही वेळां फुफ्फुसांतील वाहिन्यांचा विरोधच नडला. पुढें १९९४ सालीं दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांस यश आलें.

आतां मानेच्या शिरेंतून बारीक नळी घालून हा दाब आधींच मोजतात व औषधांनीं तो उतरतो कीं नाहीं, हें पाहतात. शस्त्रक्रियेनंतरही उजव्या कप्प्यास औषधांचा आणि श्वासावाटे दिलेल्या नायट्रिक ऑक्साइड वायूचा आधार देतां येतो, प्रसंगीं यंत्राचाही. पहिले दिवस निभावले, तर दाब बहुधा उतरत जातो आणि कप्पा सांवरतो. मात्र पुढें प्रतिध्वनि-तपासणींत त्याची लांबीच्या दिशेची हालचाल कमी दिसली, तरी घाबरून जाऊं नये. रोपणानंतर ती बहुधा कमीच राहते. रक्त पुरेसें जातें कीं नाहीं, हें एकूण पाहून डॉक्टर ठरवितात.

दुःखाच्या घटकेंत एखादें कुटुंब आपल्या माणसाचें हृदय परक्यास देतें. तें दान वायां जाऊं नये, म्हणूनच ही चौकशी. ती दिरंगाई नव्हे. हें ऐकून आमचे स्नेही उठले, आणि बंधूंच्या औषधांच्या वेळा आपण स्वतः पाळूं, असें सांगून गेले.