विंचूदंशावरचे ॲप महाडच्या पुराव्यावर उभे राहावे

रोहा-अष्टमीच्या भातशेतात लाल विंचू चावला, तर शिकाऊ डॉक्टरने आधी काय पाहावे? उत्तर याच रायगड जिल्ह्यात सापडते.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, फुप्फुसात साठणारे पाणी ही लक्षणे त्यांनी बारकाईने टिपली आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला. २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांची महाडमधील ७० रुग्णांवरील चाचणी छापली. प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत बरे झाले. नुसते प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ८.

म्हणून विंचूदंशाच्या उपचारात निर्णयाला मदत करणारे ॲप घडवणाऱ्या इंटर्नने बावस्करांनी टिपलेली हीच लक्षणे त्यात प्रश्न म्हणून विचारावीत, प्रत्येक सल्ल्याखाली पुरावा आणि त्याचे वर्ष द्यावे. नेटवर्क नसतानाही ते चालावे. वरिष्ठांनी तपासल्याशिवाय मात्र ते रुग्णाच्या खाटेपाशी नेऊ नये.