वजनकाट्याला साखळी दिसत नाही



पोकलेन किंवा जेसीबी लादलेले ट्रेलर कसारा, खंबाटकी यांसारख्या घाटांतून नेहमी जाताना दिसतात. त्यांच्या वजनाबाबत कायदा कडक आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या 194व्या कलमानुसार जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000 रुपये दंड आहे. पण काटा टन मोजतो. ते टन बेडला कशाने जखडले आहेत, हे त्याला कळत नाही. म्हणून वजनाइतकीच काटेकोर तपासणी बांधणीचीही व्हायला हवी.

‘वीस टनांचं धूड, ते हलतंय कुठे?’ हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. वजनाबरोबर घर्षण वाढते हे खरे, पण ब्रेक दाबताच यंत्राला पुढे ढकलणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. मालबांधणीच्या युरोपीय मानकात हा जोर वजनाच्या 80 टक्के धरतात, बाजूंना 50 टक्के. म्हणजे 20 टनांच्या पोकलेनसाठी पुढच्या दिशेला 16 टन. यंत्राचे पोलादी पट्टे ट्रेलरच्या पोलादी बेडवर टेकलेले आणि मध्ये साइटवरचा ओला चिखल असेल, तर घर्षण त्यातले जेमतेम दोन ते चार टन पेलते. उरलेले पेलायचे कोणी? यंत्राच्या ब्रेकने पट्टे फिरायचे थांबतात, घसरायचे नाहीत. दोरखंडही भरवशाचा नाही. तो ताणला जातो आणि बेडच्या धारेवर कातरतो. आणि सुटलेल्या यंत्रापुढे पहिली येते ती चालकाची केबिन.

यावरचा नियम अवघड नाही. अमेरिकेत सुमारे 4,500 किलोंहून जड यंत्राला किमान चार ठिकाणी बांधावे लागते, बूम-बकेट खाली घेऊन जखडावी लागते आणि सर्व बांधण्यांची एकूण सुरक्षित क्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी लागते. आपल्याकडे त्यात पट्ट्यांखाली लाकडी फळ्या किंवा रबरी मॅट घालण्याची भर टाकावी. चार कोपरे, चार साखळ्या, प्रत्येकीवर क्षमतेचा बिल्ला, बकेट बेडवर टेकलेली: हे तपासायला यंत्रसामग्री लागत नाही, ट्रेलरभोवती एक फेरी पुरते.

यात वेळ आणि पैसा जाईल, हे मान्य. पण साखळ्या एकदा घेतल्या की वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांची किंमत यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आहे. नवा नियम म्हणजे चिरीमिरीची नवी खिडकी, ही शंका अधिक रास्त आहे. मात्र ‘माल नीट बांधावा’ अशा मोघम वाक्यातच चिरीमिरीला जागा असते. साखळ्या चार आहेत की तीन, यात घासाघीस करता येत नाही. दंड मात्र एकट्या चालकाच्या माथी मारू नये. साखळ्या विकत घेणे त्याच्या हातात नसते, म्हणून ट्रेलरमालक आणि यंत्र पाठवणारा कंत्राटदार या दोघांनाही जबाबदार धरावे. जादा भार सापडला तर तो उतरवल्याशिवाय गाडी सोडू नये, असे कायद्याला अपेक्षित आहे. सैल यंत्र जखडल्याशिवाय ट्रेलर घाटात सोडू नये, हीच अपेक्षा इथेही हवी.

— एक वाचक, नाशिक