सामाईक परसबाग आणि वैशाखातील पाणी

परसबागेचा विषय निघाला की जो तो प्रथम बियाण्याची चौकशी करतो. आमच्या मते पहिली चौकशी पाण्याची असावयास पाहिजे. चार-सहा कुटुंबांनी मिळून केलेली बाग मृगात डौलाने उगवते, दिवाळीस भाजी देते आणि वैशाखात करपून जाते, हा अनुभव नवा नाही.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. लाविलेल्या झाडांस उन्हाळ्यात सकाळी व सायंकाळी पाणी द्यावे, पावसाळ्यात भूमी सुकली तरच द्यावे, असे तो सांगतो. हा नियम आजही तितकाच उपयुक्त आहे. नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा भर दुपारी घातलेल्या पाण्यापैकी बरेचसे वाफ होऊन वाया जाते.

आता हिशेब पाहू. कडक उन्हाळ्यात १ चौरस मीटर वाफ्यास रोज साधारण ६ ते ८ लिटर पाणी लागते. म्हणजे १० चौरस मीटरांस १५ लिटरच्या चार-पाच बादल्या. जितक्या बादल्या खात्रीने मिळतील, तितकेच वाफे करावे. वाफा जमिनीहून किंचित खोलगट ठेवावा व त्यावर वाळलेल्या पानांचा चार बोटे थर पसरावा, म्हणजे ओल टिकते. वेलभाज्यांसाठी झिलई नसलेले मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे, तोंड झाकावे आणि भोवती दुधी किंवा दोडका लावावा. पाणी हळूहळू पाझरून मुळांस मिळते. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी वाफ्यास खुशाल घालावे. साबणाचे मात्र पालेभाजीस घालू नये.

पिकेही ऋतू पाहून निवडावी. गवार, भेंडी, चवळी, अंबाडी व लाल माठ ऊन सोसतात. टोमॅटोचा मोहर अति उष्णतेने गळतो, सबब वैशाखात त्याचा आग्रह धरू नये. कोथिंबीर हवीच असेल तर शेवग्याच्या विरळ सावलीत पेरावी.

तथापि सामाईक बागेचा खरा प्रश्न माणसांचा असतो. पाणी सर्वाधिक लागते त्याच दिवसांत मुलांच्या सुट्ट्या, लग्नकार्ये आणि गावी जाणे येते. मग प्रत्येकास वाटते की दुसरा कोणी पाणी घालीत असेल. म्हणून पाडव्यापासून मृगापर्यंतच्या पाळ्या आधीच वहीत लिहाव्या. कुटुंबे सहा असल्यास प्रत्येकास आठवड्यातून एकच दिवस येतो. सातवा मुलांकडे द्यावा. परगावी जाणाराने आपल्या जागी दुसरा नेमून जावे. माणसे कमी पडत असतील तर दोन वाफे पानांखाली झाकून विश्रांतीस ठेवावे. सगळेच अर्धपोटी ठेवण्यापेक्षा ते बरे.

वाटणीचा नियमही पेरणीपूर्वीच ठरावा. भाजी ठरलेल्या दिवशी, सर्वांसमक्ष तोडावी. ज्यांनी पाळी सांभाळली त्यांस समान वाटा द्यावा. वृद्ध व आजारी यांस पाळीवाचून वाटा असावा. बी वाळवून जपून ठेवण्याचे काम वडीलधारी मंडळी उत्तम करतात. मूठभर भेंडीवरून शेजारधर्म तुटावा, यासारखे महाग पीक दुसरे नाही.

ज्या घरांचा अशी बाग करण्याचा विचार असेल, त्यांनी येत्या पाडव्यास बियाणे आणण्यापूर्वी एकत्र बसून ही वही तयार करावी, अशी आमची विनंती आहे.