विणणारीला प्रमाणपत्र कशाला?

तीस वर्षे लोकर विणणाऱ्या एखाद्या बाईने पन्नाशीत परीक्षेला बसून प्रमाणपत्र मिळवावयाचे म्हटले, तर घरचे हसतात आणि शेजारी कौतुकापेक्षा नवलच अधिक करतात. जिचे स्वेटर अर्ध्या गल्लीने अंगावर घातले तिची परीक्षा आणखी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु ती गल्ली तिला कर्ज देत नाही आणि शिवणवर्गात शिकविण्यासही नेमीत नाही. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सुया काढून बसता येत नाही. तेथे कागद बोलतो.

जालना जिल्ह्याची ओळख बियाण्यांची आणि लोखंडी सळयांची. कारखान्यातील कामगाराचे कसब निदान हजेरीपटावर तरी उमटते. घरी बसून विणणारीचे कसब कोणत्याच वहीत उतरत नाही. लुधियानाचे यंत्रावर विणलेले स्वेटर बाजारात आल्यावर हातविणीच्या मजुरीत राम उरला नाही. अशा बाईला आता खरा आधार आहे तो शिकविण्याचा, आणि शिकविण्यासाठी कागद हवा.

तो मिळावा कोठून? १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तीला पंचाहत्तर वर्षे झाली त्याच दिवशी, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, पाच टक्के व्याजाने कर्ज, असे तिचे स्वरूप. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपी आहे, टोपल्या विणणारा आहे, मासेमारीची जाळी करणाराही आहे. लोकर विणणारी मात्र नाही. तिने शिंपीण म्हणून अर्ज करावा, असा व्यवहारी सल्ला कोणीही देईल. पण जे आपण नव्हे त्याचा दाखला घेण्यात कसली मान्यता?

अनुभवी कारागिराच्या पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत होती व हेतूही योग्य होता. तथापि २०१६ ते २०२० या टप्प्यात ती बारा तासांची तोंडओळख, एक चाचणी आणि उत्तीर्णास ५०० रुपये, अशा बेताची होती. इतक्या स्वस्तात मिळालेला कागद बाजारही तितक्याच स्वस्तात मोजतो. अमेरिकेतील विणकरांच्या एका संघाची परीक्षा याहून वेगळी आहे. तिच्या तीन पायऱ्या आहेत. उमेदवाराने घरी विणलेले नमुने व लेखी उत्तरे पाठवावयाची. तपासणारे स्वतः विणणारेच असतात आणि सदोष नमुना पुन्हा विणावयास परत येतो. त्यात कित्येक महिने जातात.

अशा परीक्षेत तपासावयाचे तरी काय, असे कोणी विचारील. एकच उदाहरण पुरे. दहा सेंटिमीटरांत बावीस टाके बसतील असे धरून ९० सेंटिमीटर घेराच्या स्वेटरला १९८ टाके घातले. लोकर बदलली, हात सैल पडला आणि दहा सेंटिमीटरांत वीसच बसले, तर घेर ९९ सेंटिमीटर होतो. दोन टाक्यांची चूक, नऊ सेंटिमीटरांचा घोळ! मुरलेली विणणारी हे नजरेनेच ओळखते, चार ओळी उसवते आणि बारीक सुई घेते. का, ते मात्र तिला सांगता येत नाही, कारण आजवर तिला कोणी ते विचारलेलेच नाही. ते सांगता आले म्हणजे दुसरीला शिकविता येते. तीस वर्षांच्या हाताला परीक्षेकडून मिळण्यासारखे काही असेल तर ते हेच.

ही परीक्षा जालन्यातच नव्हे, तर मंठा-भोकरदनलाही व्हावी, मराठीतून व्हावी, आणि परीक्षक सुया धरणारा असावा. चौथीत शाळा सुटलेल्या बाईने टाक्यांचा हिशेब तोंडी सांगितला, तर तो कागदावर उतरवून घेण्याचे काम परीक्षकाचे समजावे.